बाळकूच्या उंबरठ्यात राहिलेला होकार

कुसवडी गावात बाळकू नावाचा माणूस, त्याची बायको हौसाबाई, त्यांची एकुलती लेक सगुणा आणि माजघराचा एक उंबरठा असे चौघे राहत होते, आणि तो उंबरठा ओलांडणाऱ्याच्या डोक्यात त्या घडीला जे असेल ते काढून ठेवून घ्यायचा.

उंबरठा बाभळीचा होता, सहा बोटं उंच. हातातली वस्तू त्यानं कधी घेतली नाही. पाण्याचा तांब्या घेऊन निघालात तर तांब्या पलीकडं पोचायचा, तो कुणासाठी भरला होता तेवढं राहून जायचं. ह्याचा कुणाला त्रास नव्हता. "मी कशाला बरं आले," असं बायका घरोघर म्हणतच असतात. मी समोरच्या घरात नांदत होते, म्हणून मला सगळं ठाऊक.

सगुणा एकोणीस वर्षांची झाली तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातनं पाव्हणे आले. केरबातात्या, त्यांची बायको गोदाक्का आणि मुलगा जोतिराम. मुलगी त्यांनी एका लग्नात आधीच बघितली होती. ते फक्त उत्तर न्यायला आले होते.

तात्या म्हणाले, "आमचं होय हाय. आता तुमचं सांगा."

"माझं बी होयच," बाळकू म्हणाला. "पण पोरीला इचारून येतो."

आमच्याकडं अशी रीत आहे. बाप आत जातो, विचारतो, उत्तर घेऊन बाहेर येतो. बाळकू उठला, उंबरठा ओलांडला आणि माजघरात आढ्याकडं बघत उभा राहिला.

"काय पायजे?" हौसाबाईनं विचारलं.

"काय न्हाई," म्हणाला, घोटभर पाणी प्याला आणि बाहेर आला. ओसरीवर तीन माणसं बघून त्याला आनंद झाला. "कवा आलासा पाव्हणं?"

त्या दिवशी तो चौदा वेळा आत गेला. पंधराव्या वेळी तात्यांनीच त्याला धरून बसवलं.

उत्तर न घेता उठलं की नकार धरतात. पाव्हण्यांना नकार नको होता, म्हणून ते राहिले. त्या रात्रीचं जेवण झालं, दुसऱ्या दिवसाचं झालं, मग पेरणी झाली, सुगी झाली. जोतिराम बाळकूच्या रानात राबायला लागला. बाळकू रोज सकाळी बाहेर येऊन त्यांचं नव्यानं स्वागत करी. सातव्या वर्षी तात्या त्याला म्हणाले, "आत्ताच आलो बघा. सात वर्सं झाली."

तुम्ही म्हणाल, ओसरीवरनंच हाक मारून का विचारलं नाही. मी तसं सुचवलं होतं. तात्या म्हणाले, "वैनी, पोरीच्या होकाराची दवंडी पिटत्यात व्हय?" ते खरंच होतं. गोदाक्काला म्हटलं, तुम्ही बाईमाणूस, तुम्ही जावा. तर सोयरीक जुळायच्या आत मुलीच्या माजघरात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांच्यात होतं. मी स्वतः तीनदा गेले. तिन्ही वेळा विरजण घेऊन परत आले. उंबरठाच काढावा म्हटलं, तर लेक उजवायची असलेल्या घराचा उंबरठा कुणी उपटत नाही.

उत्तर होईपर्यंत मुलीनं पाव्हण्यांसमोर यायचं नाही, म्हणून सगुणा उंबरठा ओलांडत नव्हती, आणि ओसरीवरचं बोलणं ऐकून तिला आत सगळं कळत होतं. ती ताट वाढायची, बाळकू ते बाहेर न्यायचा. कुठलं ताट कुणाचं, हे ताटं परत आली की ती ओळखायची. एका ताटात मिरचीचे तुकडे बाजूला काढलेले असत. तिनं कालवणात मिरची कमी केली. पण न विचारता मुलगी होय म्हणत नाही. ती सव्वीस वर्षांची झाली. तिच्याबरोबरीच्या पोरी माहेरी यायच्या, त्यांची पोरं ओसरीवर जोतिरामाच्या अंगावर खेळायची. हौसाबाई भाकरी थापताना म्हणायची, "माझ्या पोरीला कुणी मागायला येईना गं." बाहेर बसलेल्या तिघांना ते ऐकू यायचं. ते खाली बघून जेवायचे.

पाचव्या वर्षी शहरातनं एक संशोधन करणारे साहेब आले होते. माणूस दारातनं गेला की काम विसरतो, ह्यावर ते घरोघर टिपण करत होते. त्यांनी टेपानं उंबरठा मोजला. म्हणाले, "मी बघितलेल्या घरांत लोक शंभरात अकरा वेळा विसरतात. तुमच्यात शंभरात शंभर."

"मग ह्यावर काय इलाज?" तात्यांनी विचारलं.

"इलाज माझ्या विषयात येत नाही," साहेब म्हणाले. तरी भला माणूस. त्यांनी कागदावर 'मुलीला विचारणे' असं लिहून बाळकूच्या हातात दिलं. कागद आत पोचला. आत कुणाला वाचता येत नव्हतं. हौसाबाईनं तो चुलीला लावला. मग साहेब स्वतः आत गेले, जेवले, हात धुऊन बाहेर आले आणि पिशवी उचलून गावाला निघून गेले. पुढं त्यांचा अहवाल टपालानं आला. मास्तरांनी वाचून दाखवला. उंची सहा बोटं, जेवण चांगले, बाकी स्मरणात नाही, असं त्यात होतं.

त्यानंतर दोन वर्षं कुणी काही सुचवलं नाही. गोदाक्का अंगणात बसून म्हणायची, "मराण तरी हितंच येऊ दे, परत चालायला नको." जोतिरामाचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

मग एका दिवशी बाळकूला ताप भरला. हौसाबाई त्याच्या कपाळावर घड्या ठेवत बसली होती, म्हणून भाकरीची दुरडी घेऊन सगुणा उठली. दुरडी ठेवायची, मान वर करायची नाही, तशीच मागं फिरायचं, असं तिनं मनात घोकलं होतं. तिनं उंबरठा ओलांडला. दुरडी हातात राहिली. घोकलेलं गेलं.

ती दुरडी ठेवून उभी राहिली आणि जोतिरामाकडं बघायला लागली.

"बसा की," जोतिराम म्हणाला.

ती बसली. "इतकी वर्सं का थांबलाय?"

"तुमचं उत्तर न्यायचं हाय."

"मग मला इचारा."

तात्या मध्येच म्हणाले, "असं सरळ पोरीला इचारत न्हाईत, जोत्या."

"गप बसा तुम्ही," गोदाक्का म्हणाली.

जोतिरामानं विचारलं. सगुणा होय म्हणाली. उत्तर ओसरीवरच दिलं, ओसरीवरच घेतलं, त्याला कुठं जावं लागलं नाही.

पंधरा दिवसांत अंगणात मांडव पडला. सगुणा सासरी गेली. घर चांगलं आहे, जोतिराम मायाळू आहे, गोदाक्का तिला बसल्या जागी चहा देते.

हौसाबाई अजून चुलीपाशी बसून म्हणते, "माझ्या पोरीला कुणी मागायला येईना." मग ती काहीतरी घ्यायला बाहेर येते. मी पायरीवर असले तर सांगते, "हौसे, सगुणाचं लग्न झालं. चांगल्या घरी पडली."

ती दोन्ही हात जोडते, पदरानं डोळे पुसते आणि गूळ आणायला आत जाते. दिवसातनं चार वेळा त्यांच्या लेकीचं लग्न जमतं. एवढं भाग्य गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नाही.