सलग तीन चांगली वर्षं

साठीनंतर आपल्यालाही पेन्शन असावी, असं माझ्या मनात आलं आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली. मी दुबईजवळच्या फुजैराच्या बंदरात सर्वेअर आहे. जहाजात तेल किती भरलं ते मोजायचं आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या शिव्या खायच्या, असा माझा स्वतंत्र व्यवसाय. नोकरदारांचं कंपनी बघते. माझं बघणारा मीच (आणि बायको सुजाता, पण तिचं बघणं वेगळं).

पेन्शनवाला एजंट ओवेस मूळचा रत्नागिरीचा. त्याला रविवारी जेवायलाच बोलावलं.

"प्रल्हादभाई, तुमच्या केसमध्ये मालक पण तुम्ही, नोकर पण तुम्ही. धंद्यातून खर्च वजा करून उरेल तो तुमचा पगार."

"काही उरत नाही," सुजाता आमटी वाढत म्हणाली.

"भाभी, पेन्शनला लिमिट असते. ज्या सलग तीन वर्षांत कमाई सगळ्यात जास्त, त्यांची सरासरी काढायची. पेन्शन त्याच्यावर जात नाही. यल्ला, आकडे काढा!"

मी उष्ट्या हातानेच लॅपटॉप उघडला. "सापडली! एकवीस, बावीस, तेवीस! महिना सरासरी अठरा हजार दिरहॅम. म्हणजे चार लाखांच्या वर रुपये! काय सोन्यासारखी वर्षं होती!" टाळीसाठी मी हात पुढे केला. कुणी दिली नाही.

"तेव्हा मी कुठे होते?" सुजाताने विचारलं.

केयाच्या क्लासेससाठी मायलेकी तीन वर्षं पुण्यात होत्या, हे मला जरा उशिरा आठवलं.

"डॅड, यू आर सो डेड," केया मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली.

"अगं, घरी कुणी नव्हतं, म्हणून येईल ते काम घेत होतो."

"म्हणजे मी असले की काम होत नाही."

"तसं नाही! तू असलीस की खर्च..." मी जीभ चावली, पण माल उतरला होता.

"ओवेसभाई, मी परत तीन वर्षं पुण्याला गेले तर सरासरी वाढेल ना?"

"वाढेल ना भाभी! इन्शाल्ला, डबल!"

मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. ती केयाला लागली.

सुजाताने हात धुवायच्या आधी विमानाचे दर पाहिले. पुढे आठवडाभर ती माझ्याशी केयामार्फत बोलत होती. ("मॉम सेज डिनर इज रेडी.") ती खरंच बॅग काढेल या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. शेवटी समुद्रकाठी फिरायला नेऊन मी तिला खरं सांगितलं.

"त्या तीन वर्षांत मी ओट्याशी उभं राहून विकतची खबूस रोटी खाल्ली. कुलूप उघडून आत आलो की घर नुसतं खायला उठायचं. फार एकटं वाटायचं गं. नको मला ती वर्षं. दुसरी कुठली तरी धरतो, पेन्शन कमी बसली तरी चालेल."

तिचे डोळे भरून आले. "वेडे आहात. तीच वर्षं धरा. चांगली पेन्शन घेऊ."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मलाही भरून आलं होतं.

"मग बघ! साठीनंतर मी कुठे जाणार नाही. चोवीस तास घरात, तुझ्याजवळ! तुझं सगळं किचन मी सांभाळेन. भाजीत तेल किती पडलं, बरणीत किती उरलं, रोज मोजून देईन!"

तिने डोळे पुसले. मग तिने पर्समधून मोबाईल काढला.

"ओवेसभाई," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "रिटायरमेंट पंच्याऐंशीला होईल असा एखादा प्लॅन आहे का हो?"