अधिक चौदाची मिरवणूक

ईशान, रेवा,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की मागच्या वर्षी आजी महिनोन् महिने कुजबुजत का बोलत होती, आणि घसा बसला होता तर डॉक्टरांकडे का गेली नाही. माझा घसा उत्तम आहे. पण पुढच्या आठवड्यात बायकांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांचा नवा हंगाम सुरू होतोय, म्हणजे मी पुन्हा कुजबुजू लागणार. तेव्हा आवाज मोकळा आहे तोवर सगळं क्रमाने लिहून टाकते.

कुजबुजण्याचं कारण आमच्या शेजारचे सुभेदार. त्यांची मुलगी रेश्मा गोल्फ खेळते. हौस म्हणून नव्हे, तोच तिचा व्यवसाय. हंगाम सुरू झाला की ती बॅग खांद्यावर टाकून निघते, या शहरातून त्या शहरात. गोल्फमध्ये खेळाडू चेंडूसमोर उभी राहिली, की बघणाऱ्यांनी श्वासही जपून घ्यायचा असतो. हा नियम मैदानावरचा. सुभेदारांनी तो सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीला लावला.

रेश्मा खेळत असेल त्या दिवशी गल्लीत कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. मिक्सर नाही, स्कूटरचा हॉर्न नाही. ती कोणता फटका नेमका केव्हा मारते हे सांगलीत बसून कळायला मार्ग नसतो, फोनवर नुसते आकडे येतात. म्हणून खबरदारी सकाळपासून ती खेळ आटोपेपर्यंत. भाजीवाला बिचारा मेथीची जुडी उंच धरून प्रत्येक फाटकापाशी मुकाट उभा राहायचा. मी डाळ आदल्या दिवशी शिजवून ठेवू लागले.

सुरुवातीला मी हरकत घेतली होती. म्हटलं, "सुभेदार, मुलगी बेंगळुरूत खेळतेय आणि कुकर सांगलीत वाजतोय. तिला कसा ऐकू जाईल?"

त्यांनी मला उलट विचारलं, "बाई, तुमी परदेशातल्या नातवंडांशी फोनवर बोलता, तवा तुमच्या कुकरची शिट्टी त्यांना ऐकू जाती का न्हाई?"

"जाते."

"मग? बेंगळूर तर लय जवळ हाय."

चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या मी घरात जाऊन गॅस बंद केला. तेव्हापासून मी कुजबुजते.

सुभेदार मूळचे कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. घरचा ऊस, घरातला एक मुलगा फौजेत, हा तिकडचा रिवाज. तो मुलगा म्हणजे हे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना छावणीतल्या गोल्फ मैदानाची देखभाल मिळाली. रेश्मा तेव्हा लहान. साहेबांनी टाकून दिलेली एक काठी वडिलांनी तिच्या उंचीची कापून दिली, ती घेऊन ती मैदानाच्या कडेला चेंडू मारत बसायची. तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे निवृत्त होऊन ते सांगलीला आले, कारण त्यांच्या पत्नीचं, मालनताईंचं, माहेर इथलं. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात उरले हे दोघं, आणि हंगामात एकटे सुभेदार.

मैदान मागे राहिलं, पण सवयी आल्या. फाटकापासून दारापर्यंत त्यांनी गवताची एक पट्टी राखली आहे. ती ते कात्रीने कापतात. तिच्यावर चपला घालून गेलेल्या पोस्टमनला एकदा त्यांनी सावधान उभं केलं होतं. आणि कोणतंही काम करण्याआधी ते चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतात आणि वारा कुठून आहे ते बघतात. गोल्फमध्ये तसं करतात. पण सुभेदार कपडे वाळत घालतानाही करतात, उदबत्ती लावतानाही. सोसायटीच्या बैठकीत पाणीपट्टीवरून वाद पेटला तेव्हा त्यांनी खिशातून गवत काढून उडवलं आणि म्हणाले, "आधी वारं बघा, मग बोला." बैठक तिथेच संपली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं प्रेम आहे तर हे तिचा खेळ बघायला का जात नाहीत? गेले होते, एकदाच. पण माणूस कुस्तीच्या फडात वाढलेला. रेश्मा अगदी जवळून चेंडू खळग्यात घालायला वाकली, सगळीकडे चिडीचूप, आणि यांनी मांडीवर थाप मारून आरोळी ठोकली, "शाब्बास माझे वाघिणी!" चेंडू खळग्याला वळसा घालून पुढे गेला. रेश्माने आणखी एक फटका मारून तो खळग्यात घातला. सुभेदार मात्र त्यानंतर कधी गेले नाहीत. तिथे तोंडाला आवर घालता आला नाही, म्हणून इथे गल्लीचं तोंड बंद.

आता मागच्या हंगामाबद्दल. गोल्फमध्ये जितके फटके कमी, तितका खेळ चांगला, एवढं लक्षात ठेवा. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी फटके घेतले तर नावापुढे उणे, जास्त घेतले तर अधिक. स्पर्धेचे पहिले दोन दिवस सगळ्याजणी खेळतात. मग ज्यांचे आकडे वाईट, त्यांना शेवटच्या दिवशी खेळायला मिळत नाही. रेश्मा लागोपाठ अशी दोन दिवसांतच बाद व्हायला लागली. सुभेदारांच्या सांगण्यावरून मी फोनवर आकडे वाचून दाखवायची. अधिक सात, अधिक नऊ. ते "बरं" म्हणायचे आणि कापलेलंच गवत पुन्हा कापायचे.

मग एके दुपारी तिचा फोन आला. त्यांनी तो मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. एकट्याने ऐकायचा त्यांना धीर नसावा. रेश्मा म्हणाली, "आबा, या वेळी अधिक चौदा. सगळ्यांत शेवटी मी. आता बास झालं. पुण्यात एका क्लबात मुलांना शिकवायची नोकरी आहे, ती घेते. उद्या आधी गावी येते, तिकडं कळवलंय तसं. आईच्या पाया पडून मग काय ते."

गावच्या घरात मालनताईंचा फोटो आहे, त्याला ती आई म्हणते. सुभेदार म्हणाले, "ये." आणि फोन ठेवला. ती खेळ सोडणार होती, आणि या माणसाला तिला "नको सोडू" असं एकदाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा, बाजीरावचा, गावाहून फोन आला. हा ऊसवाला, भला माणूस, आवाज असा की फोनची गरज नसावी. त्याने कुणाच्या तरी फोनवर आकड्यांची यादी पाहिली होती. "काका, आपली रेश्मी सगळ्यांच्या वर गेली की! एकीचं बी चौदा न्हाईत. बाकीच्या बायांचं तर निम्म्या जणींचं वजाच हाय." तिचं नाव यादीत शेवटी कसं, अशी शंका गावात कुणीतरी काढली होती, तीही बाजीरावने निकालात काढली होती. बाजारसमितीच्या निवडणुकीला यादी खालून वर वाचतात, तसंच हे. फ्लेक्स छापायला टाकला होता, हलगीवाले सांगून झाले होते.

मी सुभेदारांकडे बघत होते. ते म्हणाले, "बरं. सकाळी येतो."

मी त्यांना कुजबुजतच सांगितलं, कारण सवय झाली होती. म्हटलं, मुलीची शोभा होईल, आत्ताच्या आत्ता थांबवा. ते अंगणात गेले, चिमूटभर गवत उडवलं, आणि म्हणाले, "जरा दम खावा, बाई. तुमी बी चला उद्या."

म्हणून मी गेले. कोरेगावच्या स्टँडबाहेर फ्लेक्स लागला होता. वर रेश्मा, खाली बाजीराव आणि त्याचे मित्र, गॉगल लावलेले, रेश्मापेक्षा मोठे. मधोमध माणसाच्या उंचीचं '+१४'. ट्रॅक्टर सजवलेला, पेढ्यांची खोकी, हलगी तापवून तयार.

एसटीतून रेश्मा उतरली ती मान खाली घालूनच. हलगी कडाडली तशी दचकून तिने वर पाहिलं. आधी माणसं दिसली, मग फ्लेक्स. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने गर्दीत वडिलांना शोधलं. सुभेदार तिच्याकडे न बघता गवत हवेत सोडत होते आणि वारा कुठून आहे ते अगदी मन लावून पाहत होते.

मला वाटलं, आता रडणार. पण हसू फुटलं, आणि असं फुटलं की ती बॅगेवरच बसली. डोळ्यांतून पाणी, तोंडात कुणीतरी कोंबलेला पेढा. बायकांनी तिला फेटा बांधून ट्रॅक्टरवर चढवलं. सरपंचांनी भाषण केलं, की या पोरीने चौदा केले, मोठ्या मोठ्या शहरांतल्या पोरींना ते जमलं नाही. एका म्हाताऱ्या आजींनी तिची अलाबला घेतली आणि बजावलं, "पुढल्या टायमाला ईस कर गं, बाय."

"करते आजी," रेश्मा म्हणाली. "खेळत राहिले तर ईस काय, तीस बी व्हतील."

घरी जाऊन ती फोटोच्या पाया पडली. पुण्याचं नाव तिने काढलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. दोन दिवस उसाच्या बांधावर भटकली, चुलत भावंडांना काठी कशी धरायची ते शिकवलं, बाजीरावने मारलेला चेंडू विहिरीत गेला. मग बॅग उचलून पुढच्या स्पर्धेला निघून गेली.

ती काही जिंकली नाही. हे मी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही वाट बघाल. पण शेवटच्या दिवशी खेळायला मिळू लागलं, आणि हंगाम संपता संपता एका स्पर्धेत तिचं उणे दोन झालं, पाचवी आली. मी आनंदाने आकडा जवळजवळ ओरडून सांगितला, तर सुभेदारांनी ओठांवर बोट ठेवलं; दुसरी कुणीतरी अजून खेळत असेल म्हणे.

दोन दिवसांनी गावाहून जीप भरून माणसं आली. चेहरे पडलेले. बाजीरावने काकांचा हात हातात घेतला. "काका, चौदावरनं थेट वजा दोन. नजर लागली पोरीला. पर तुमी खचू नगा." सुभेदारांनी खाली मान घालून सांत्वन स्वीकारलं आणि सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. जीप वळणाआड गेल्यावर मात्र ते इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

हसू ओसरल्यावर ते पुन्हा कात्री घेऊन बसले. मी विचारलं, "सुभेदार, त्या संध्याकाळी बाजीरावला खरं सांगितलं असतंत तर?"

"सांगितलं असतं की. फ्लेक्स बी उतरला असता." कात्री चालत होती. मग थांबली. "आवं बाई, जिंकल्याला हलगी समदेच वाजवत्यात. माझी पोरगी हरून येत हुती. हरून आल्यावर ष्टँडवर कोण येतंय? मी एकटा गेलो असतो. तिची आई असती तर येगळं. मी एकटा किती पुरणार हुतो तिला?"

मी कापलेलं गवत गोळा करू लागले, जराही आवाज न करता. आमच्या गल्लीत ते आता सगळ्यांना जमतं.

पुढच्या आठवड्यात रेश्मा पहिल्या स्पर्धेला निघेल, आणि त्या दिवसांत तुमचा फोन आला तर कान देऊन ऐका. फ्लेक्स सुभेदारांनी मागून आणला आहे. ऊन चढलं की ते तो गवताच्या पट्टीवर सावलीसाठी बांधतात. उन्हाने बाजीराव आणि त्याचे मित्र पुसून गेलेत, रेश्माचा चेहराही फिका झालाय. '+१४' मात्र अजून आमच्या गच्चीवरून स्पष्ट वाचता येतं.