चौथा भोंगा

मार्गशीर्षातला शनिवार, सकाळी साडेनऊ, मार्केट यार्डाचं मैदान, उदगीर. हजर: संगीत महोत्सवाचे अध्यक्ष बिरादार सर, हैदराबादहून आलेल्या साउंड इंजिनिअर श्रावणी मॅडम, दोघे मंडपवाले, चिटणीस म्हणून मी, आणि कुणी न बोलावता गफूरभाई.

गफूरभाई येतात ते टाळी वाजवत. एकच टाळी. मग मान वाकडी करून ती परत कशी येते ते ऐकतात. लग्नाचा हॉल असो की बँक, आत पाऊल टाकलं की टाळी. माझ्या सासऱ्यांच्या शोकसभेतही वाजवली आणि हळूच म्हणाले, "ताई, हॉल बोलायला बरा हाय. गायला न्हाई."

वय चौऱ्याहत्तर. महोत्सव शाळेच्या पटांगणात भरायचा तेव्हापासून भोंगे त्यांचे. तेव्हा खाली सतरंज्या, वर चार भोंगे. मुखेड-अहमदपूरकडून एसटीने आलेली माणसं चादरी पांघरून बसायची. गवई आमच्या घरी उतरायचे, त्यामुळे माझी आयुष्यातली पहिली यादी आईने सांगितलेली आहे: गरम पाणी, पातळ वरण, ठेचा दूर ठेवणे. आता गवयांची यादी त्यांचे मॅनेजर आधी पाठवतात. खुर्च्यांना नंबर आहेत, पास मोबाईलवर येतो, आणि गाणाऱ्याची पापणी लवलेली शेवटच्या रांगेतून पडद्यावर दिसते.

या सगळ्यावर गफूरभाईंचा प्रश्न एकच: "शेवटच्याचं काय?" चहा वाटायला घेतला तरी हेच. नवा पडदा लावला तरी हेच.

आणि त्यांचा चौथा भोंगा. तीन भोंगे श्रोत्यांकडे तोंड करून, चौथा उलटा, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे. पुढे मैदान बदललं, तसं त्यांनी भोंग्याचं तोंडही फिरवलं, पण तो श्रोत्यांकडे काही वळला नाही. मोठे स्पीकर आले, तीन भोंगे उतरले, हा एक त्यांनी हट्टाने ठेवला. दर वर्षी बैठकीत तेच.

"भाई, चौथ्याचं तोंड चुकलंय."

"न्हाई सर. वारा तिकडून हाय."

"आज पान हलत नाही."

"येईल की."

मी इतिवृत्तात 'वारा' हा शब्द इतक्यांदा लिहिला आहे की आमची समिती संगीताची की हवामानाची, असं नव्या सभासदाला वाटावं.

यंदा मात्र श्रावणी मॅडमनी क्रेनने स्पीकरच्या माळा चढवल्या. त्या लॅपटॉपवर मैदान मोजत होत्या, तेवढ्यात गफूरभाईंनी खिशातून खडू काढला. चार पावलं चालायचं, टाळी, मान वाकडी. असं करत त्यांनी जमिनीवर एक फुली मारली. "इथं गोदामाचा पत्रा आवाज परत फेकतो."

मॅडमनी फुलीवर माइक ठेवला, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि पायातले बूट काढून त्यांच्या पाया पडल्या. "चाचा, हे शोधायला मला दोन तास लागले असते." बिरादार सर गप्प झाले. हे मी वेळेसह टिपून ठेवलं आहे.

मग तंबोरा लावला. मी यादीवाली बाई, भारावून जायला मला सवड नसते. पण शेवटच्या खुर्चीपाशी उभी राहिले आणि तंबोऱ्याच्या तारेवरून उचललेलं बोट मला ऐकू आलं. सूर नंतर आला, आधी बोट. गफूरभाईंनी डोळे मिटले. "लई साफ," ते म्हणाले. "असा आवाज जन्मात ऐकला न्हाई." मग विचारलं, "भिंतीबाहेर किती जातो?"

"कुछ नहीं, चाचा. झीरो. परवानगीतच लिहिलंय, बाहेर आवाज नको."

बिरादार सरांनी, "आता तरी चौथा भोंगा काढा," म्हटल्यावर गफूरभाई स्वतः शिडीवर चढले आणि उतरवून घेऊन गेले. वाऱ्याचं नावही काढलं नाही.

दुपारी गफूरभाईंचे दोन छापील पास द्यायला मी त्यांच्या घरी निघाले. मैदानाच्या मागचीच गल्ली, पण आजवर मला जायचं काम पडलं नव्हतं. दारात ते भेटले. आत शिरताना त्यांनी टाळी वाजवली. आतून तशीच एक टाळी आली.

खिडकीपाशी खाटेवर त्यांच्या पत्नी, खैरूनभाभी होत्या. सहा वर्षं झाली, कंबरेखालचं अंग हलत नाही. त्याआधी घर, मुलं, सासूचं दुखणं. मैदानात त्या एकदाही आल्या नव्हत्या. पण कुठल्या साली कोणता गवई पहाडी रागात खोकला, हे त्यांनी मला सांगितलं. माझ्या इतिवृत्तात ते नाही.

"ताई, यंदा टेस्टिंग कधी हाय? सकाळपासून कान लावून राहिले."

टेस्टिंग पाच तास झालं होतं. गफूरभाई म्हणाले, "वायरी जोडून राहिलेत अजून."

मी म्हटलं, "भाभी, मोबाईलवर लाइव्ह दाखवणार आहोत."

"हाव, लावून देतात हे. पण त्यात आपली खिडकी वाजत न्हाई."

दुसरा पास गफूरभाईंनी मला परत केला. कोपऱ्यात चौथा भोंगा उभा होता, पुसून ठेवलेला. त्यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नाही.

महोत्सव गुरुवारी. यादीतली एकतीस कामं झाली. श्रावणी मॅडम म्हणतात, एक भोंगा आवाज बारीक ठेवून जोडता येईल, कागद मात्र पाहिजे. खांब मिळाला, वायर मिळाली, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या झाल्या.

३२. चौथा भोंगा, तोंड गल्लीकडे. परवानगीच्या अर्जावर बिरादार सरांची सही बाकी.