सांता क्लाराची अंडी

या, असे जवळ सरका. स्तवन गाऊन झालंय, घसे सुकलेत. शहाळ्याचं पाणी येईपर्यंत आमच्या तागुबान बेटावरच्या कोन्सिंगची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका. देवाच्या दारात हसायला मनाई नाही.

कोन्सिंगच्या मुलीचं लग्न शनिवारी ठरलं होतं. नवरा मुलगा याच बेटावरचा, चर्च हाकेच्या अंतरावर. म्हणजे त्या बाजूने काळजी नव्हती. काळजी होती लग्नाच्या जेवणातल्या डुकराची, कारण ते एकच होतं. शेजारच्या तीन बेटांवर तिचे नातलग पसरलेले. लग्नाला न बोलावलेला नातलग आमच्याकडे पिढीभर रुसतो, आणि दारात आलेला पाहुणा अर्धपोटी परतला तर घरच्या बाईला मान वर करून चर्चमध्ये जाता येत नाही.

सोमवारी दुपारी रेडिओवर आठवड्याचं हवामान लागलं. शनिवारी वादळ, उंच लाटा, होड्यांना समुद्रबंदी. कोन्सिंगने छातीवर क्रुसाची खूण केली आणि पलीकडच्या बेटावरच्या चुलत बहिणीला फोन लावला.

"तेरिंग, शनिवारी सगळ्यांनी यायचं बरं का. सासूला आण, दिरांना आण. आणि एका दिवसासाठी काय येता, चांगलं आठवडाभर राहा. नाही आलीस तर तोंड बघणार नाही तुझं."

तिन्ही बेटांना अशीच आमंत्रणं गेली. पलीकडे तेरिंगचे डोळे भरून आले. इकडे कोन्सिंगच्या नवऱ्याचे, सिद्रोचे, पांढरे झाले.

"अगं, खरंच आले तर?"

"पोहत येणारेत?" कोन्सिंग म्हणाली. "समुद्र आपल्या बाजूने आहे. आमंत्रण पोचलं, डुक्कर वाचलं."

हे सगळं आमंत्रण सिद्रोची आई, लोला बेबांग म्हणजे बेबांग आजी, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ऐकत होती. हळू आवाजातलं शेवटचं वाक्य मात्र तिच्यापर्यंत पोचलं नाही.

बुधवारी फ्लान, म्हणजे अंड्या-दुधाचं गोड, करायला कोन्सिंगने टोपली उघडली, तर आत नुसता पेंढा.

"नानाय, अंडी कुठे गेली?" तिने सासूला विचारलं.

"सांता क्लाराकडे," लोला म्हणाली. "सकाळच्या होडीने मठात पाठवली. लग्नाला ऊन हवं तर सिस्टरांना अंडी द्यायची, हे का मी तुला सांगायचं?"

"सगळी?"

"सगळी. शेजारून मागून आणखी घातली. इंदाय, पोरी, तू एवढ्या मायेने माणसं बोलावतेस आणि मेलं वादळ आडवं येतंय. मला बघवेना गं."

कोन्सिंग रिकामी टोपली ठेवून आत गेली. ती मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून पुटपुटली, "फार नको. होड्या निघू नयेत इतपतच लाट."

मागून लोला येऊन शेजारी टेकली. "काय मागतेयस ते ठाऊक आहे मला. थांब, मीही तेच मागते." आणि तिने खड्या आवाजात सांता क्लाराचं स्तवन लावलं. तिचा गळा असा, की कोंबड्यासुद्धा दाणे सोडून ऐकायच्या.

गुरुवारी रेडिओ म्हणाला, "वादळ रेंगाळलं आहे. शनिवारी दुपारपर्यंत आकाश निरभ्र, समुद्र शांत. त्यानंतर मात्र..."

"ऐकलंस?" म्हणत लोलाने रेडिओ बंद केला आणि आभाराचं स्तवन सुरू केलं. कोन्सिंगने कपाळ धरलं.

शनिवारी समुद्र ताटात ओतल्यासारखा निपचित पडला होता. तिन्ही बेटांकडून होड्या निघाल्या. एकेका होडीतून सासवा, दीर, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे उतरत होते. प्रत्येकाच्या काखेत गाठोडं.

"एवढा आहेर?" सिद्रो पुटपुटला.

"गप्प बसा आणि रश्श्यात पाणी घाला."

पाणी घातलं. कच्चा फणस घातला. पुन्हा पाणी घातलं. डुकराने शेपटापासून कानापर्यंत साथ दिली, आणि दुपारी पातेल्याचा तळ दिसला तेव्हा शेवटचा पाहुणा ढेकर देत होता. अब्रू राहिली. कोन्सिंग निरोप द्यायला हसतमुखाने धक्क्यावर गेली.

तिथे तटरक्षकाने लाल बावटा चढवला होता. पलीकडे आभाळ काजळलेलं.

"चार दिवस एकही होडी निघायची नाही," तो म्हणाला.

कोन्सिंग धक्क्यावरची डोकी मोजू लागली. तेरिंगने मात्र शांतपणे गाठोडं सोडलं. आत चटई, उशी आणि बदलायचे कपडे.

"आम्ही रेडिओ शेवटपर्यंत ऐकला होता," ती म्हणाली. "म्हटलं, तू एवढं मनापासून आठवडाभर राहा म्हणालीस, तर देवानेच सोय केली. रात्री काय बेत आहे?"

कोन्सिंग घरी येऊन परसात मटकन बसली आणि सोमवारपासूनचं सगळं लोलापुढे ओकून मोकळी झाली. लोला ऐकता ऐकता आधी गंभीर झाली, मग तिचे खांदे हलू लागले, आणि मग ती एवढी हसली की शेवटचा उरलेला दात दिसला.

"म्हणजे रेडिओही खरा निघाला आणि सांता क्लाराही," ती डोळे पुसत म्हणाली. "खोटी तेवढी तू निघालीस, इंदाय. ऊठ. पाणी तापत ठेव."

"कशाला?"

लोलाने खुराड्याकडे पाहिलं. एकेकीला नावाने हाक मारली, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि सुरी सिद्रोच्या हातात देऊन आत गायला निघून गेली.

चार दिवस वारा घोंगावत होता आणि तीन बेटांची माणसं आमच्या घराघरांत चटया पसरून जेवत, गात होती. एकही अर्धपोटी झोपला नाही.

तर मंडळी, आता शहाळी आलीत. घोट घेण्याआधी डोळे मिटा आणि लोला बेबांगच्या त्या कोंबड्यांची एकदा आठवण काढा. चांगल्या हवेसाठी त्यांनी अंडी दिली, आणि वाईट हवेसाठी जीव.