चिंचेखालचं राजघराणं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचीच घराणी थोर होती.

मुंग्यांच्या खापरपणजोबांनी म्हणे एकदा हत्तीला पळवून लावलं होतं. हत्ती सांगायचे, तो आमच्यातला नव्हेच, पलीकडच्या जंगलातला कुणीतरी असेल. बेडकांचे पूर्वज समुद्र पोहून आले होते. कावळ्यांचे पूर्वज गोरेपान होते. कुणी कुणाकडे पुरावा मागत नसे, त्यामुळे जंगलात शांतता नांदत होती. तुमच्या आळीत असं कुणी नसेल. आपण आपलं जंगलाचं बोलतोय.

तर या जंगलात हैबतराव नावाचे एक साळिंदर राहत. साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेला आणि जमीन उकरण्यात पटाईत असा प्राणी. हैबतरावांची उतारावर थोडी जमीन होती, जमिनीत एक जुनी चिंच होती, घरात गोदाक्का नावाची बायको होती आणि केतकी नावाची लाडकी लेक होती. शिवाय आजोबांचे शेवटचे शब्द होते. आजोबांनी प्राण सोडताना सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं, "आपल्या जमिनीत बरंच काही पुरलेलं आहे. उकरू नका."

एवढ्या दोन वाक्यांवर हैबतरावांनी अख्खं राजघराणं उभं केलं होतं. आजोबांचे आजोबा राजे होते, त्यांचा खजिना या जमिनीत आहे, आणि घराण्याची इभ्रत म्हणून आपण तो उकरत नाही. ही गोष्ट ते पाणवठ्यावर रोज सांगत. ऐकणारे माना डोलवत आणि पाणी पिऊन घरी जात.

पुढे केतकीचं लग्न निघालं. टेकडीवरच्या साळिंदरांचा सुभान आणि केतकी मोहाची फुलं वेचता वेचता एकमेकांना आवडून बसले होते. मोठ्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. सुभानची आई चंद्रभागाबाई एके दिवशी घर बघायला आल्या. उकडलेले कंद खाऊन झाल्यावर, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "बाकी घराणं कसं तुमचं?"

"साधंच आहे," एवढं म्हटलं असतं तर बाई सुपारी तोंडात टाकून होकार देऊन उठल्या असत्या. पण हैबतरावांचे काटे फुलले.

"राजघराणं आहे आमचं," ते म्हणाले. "खजिना याच जमिनीत पुरलाय."

चंद्रभागाबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"असं का? मग बघायलाच हवा. पौर्णिमेला आमच्या चार माणसांना घेऊन येते. आणि हैबतराव, वाईट वाटून घेऊ नका, पण खोटं बोलणाऱ्या घरातली मुलगी आम्ही करत नाही हो."

केतकी आत गेली. आतून तिचं मुसमुसणं ऐकू आलं. आयुष्यभर फुकट सांगितलेल्या गोष्टीची किंमत आता लेकीला मोजावी लागणार होती.

"जिभेला जरा आवर घालता येत नाही का हो तुम्हाला?" गोदाक्का पीठ मळता मळता म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या मंजुळाबाई मुंगूस दारात डोकावल्या. "गोदाक्का, माझी परात?"

"देते की. हे एवढं पीठ मळून होऊ दे."

हे पीठ गेल्या दिवाळीपासून मळून होत होतं. परातीवर मंजुळाबाईंचं नाव ठळक घातलेलं होतं. त्या जंगलात भांडं घेतलं की आधी तांबट पक्ष्याकडे न्यायची रीत होती. तो चोचीने टुकटुक करत भांड्याच्या काठावर घराचं नाव घालून द्यायचा. कार्याला, पाहुण्यांना, कुणाकडेही भांडं गेलं तरी ते ओळखू यावं आणि घरी परत यावं म्हणून. भांडी ओळखू येत. परत येत नसत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हैबतराव सोनबा माकडाकडे गेले. सोनबाने शहरातून एक मेटल डिटेक्टर आणला होता. कसा आणला, हे माकडाला विचारायचं नसतं. लांब दांडी, तिच्या टोकाला एक ताटली, आणि जमिनीत धातू असला की ते यंत्र केकाटायचं.

हैबतराव ताटली जमिनीवरून फिरवत निघाले. यंत्र केकाटलं. हैबतरावांनी घाईघाईने उकरलं. सोड्याच्या बाटलीचं झाकण निघालं. पुन्हा केकाटलं. शिकाऱ्याच्या सापळ्याची गंजकी कडी निघाली. मग खिळा, मग आणखी झाकणं. सोनबा फांदीवर बसून शेंगा खात होता.

"राजेसाहेब, सोडा फार प्यायचे वाटतं तुमचे पूर्वज," तो म्हणाला.

हैबतराव ताटली फिरवतच राहिले. असे कित्येक दिवस गेले. जमिनीची चाळण झाली. पौर्णिमा उद्यावर आली आणि फक्त चिंचेखालची जागा उरली. तिथे यंत्र जे केकाटलं ते थांबेचना. हैबतराव मातीत घुसले. आधी एक हंडा लागला. मग घंगाळ. मग परात, पातेली, डाव, झारे. चिखलाने माखलेली, हिरवट पडलेली तांब्यापितळेची भांडी निघता निघेनात. शेवटी हैबतराव खड्ड्यातच बसून लहान मुलासारखे रडले. आजोबा खरं बोलले होते. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपणही खरं बोललो होतो, हे त्यांना आता कळलं.

जंगलभर बातमी झाली. इतिहासाचे जाणकार म्हणून प्राध्यापक बगळे यांना बोलावणं गेलं. त्यांनी निरोप धाडला, "जुन्या वस्तूंना हात लावू नये. माती तशीच राहू द्यावी. मातीतच इतिहास असतो."

हा निरोप हैबतरावांनी ऐकला. गोदाक्काने ऐकला नाही. ती सकाळी उठली तो अंगणात ही मळकट भांडी. विहीणबाई येणार आणि त्यांच्यापुढे असली भांडी मांडायची? कुठल्या गृहिणीला हे बघवेल? हैबतराव पाहुण्यांना आणायला वेशीपर्यंत गेले होते. गोदाक्काने चिंचेचा कोळ घेतला, चुलीतली राख घेतली, पदर खोचला आणि पाहुणे येईपर्यंत एकूण एक भांडं सोन्यासारखं लखलखीत करून अंगणात मांडून ठेवलं.

हैबतराव मोठ्या रुबाबात सुभानसकट सगळ्या पाहुण्यांना घेऊन आले. मागे सगळं जंगल होतं. बगळ्यांनी लखलखाट बघून डोळेच मिटले. बाकीचे मात्र वाकून वाकून बघू लागले.

"ह्याच्यावर काहीतरी लिहिलंय," मंजुळाबाई म्हणाल्या. "गंगूबाई मुंगूस. अगं बाई, ही तर माझी पणजी."

"हा हंडा आमचा," रानडुक्कर म्हणाला. "आत्याच्या लग्नात गेला तो आलाच नाही. आजी मरेपर्यंत आठवण काढायची."

"हे घंगाळ आमचं." "झारा बघा, आमचं नाव." चंद्रभागाबाईंनी एक पातेलं उचललं, काठ वाचला आणि शांतपणे खाली ठेवलं. त्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं.

आता हैबतरावांना आजोबांचे शब्द नीट समजले. आजोबांनी उकरू नका का सांगितलं, तेही समजलं. जमीन दुभंगावी आणि आपण पोटात जावं असं त्यांना वाटलं. पण ती त्यांनी स्वतःच इतकी उकरून ठेवली होती की आणखी दुभंगायला जागाच नव्हती. केतकी दारामागे उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना होईना.

सगळे एकदम बोलू लागले होते. तेवढ्यात फांदीवरून सोनबा म्हणाला, "यंत्र आता रिकामं झालंय बरं का. पुढे कुणाच्या जमिनीत लावू? मंजुळाबाई, तुमच्यापासून सुरुवात करायची?"

मंजुळाबाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांना आजी आठवली. आजी जाताना म्हणाली होती, "वारुळामागे उकरू नकोस गं बाई." रानडुकराला आजोबा आठवले. चंद्रभागाबाईंना सासरे आठवले. त्या अंगणात असं एकही घर नव्हतं, जिथल्या म्हाताऱ्या माणसाने जाताना काहीतरी उकरू नका म्हणून सांगितलं नव्हतं. बघता बघता सगळं अंगण चिडीचूप झालं.

बगळ्यांनी पाय बदलला. त्यांच्याही आईने तळ्याकाठची एक जागा दाखवून ठेवली होती.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "लग्नात आपण भांडं आहेर करतो, त्यावर नाव कुणाचं असतं?"

"देणाऱ्याचं," सगळे म्हणाले.

"मग ही भांडी दिलेली आहेत. इतक्या घराण्यांनी एका घराण्याला दिलेली. इतिहासात याला नजराणा म्हणतात. आणि नजराणा कुणाला देतात?"

"राजाला," मंजुळाबाई घाईघाईने म्हणाल्या. "आमची पणजी सांगायचीच. महाराजांना परात दिली म्हणून."

"आमच्याकडेही तेच सांगतात," रानडुक्कर म्हणाला.

हैबतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्यांना दारामागची केतकी दिसली. ती सुभानकडे बघत होती आणि सुभान तिच्याकडे. हैबतरावांनी तोंड मिटलं. मग हळूच काटे फुलवून बघितले. छान फुलले.

"सुपारी कुठाय माझी?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "घराणं शोभतं हो आम्हाला."

लग्न झोकात झालं. राजघराण्याच्या भांड्यांत राजघराण्याचा स्वयंपाक झाला. लाडू उरले, म्हणून निघताना प्रत्येकाने थोडे घरी नेले. न्यायला काहीतरी भांडं लागतंच. कुणी हंडा घेतला, कुणी घंगाळ. ज्याने त्याने काठ वाचून घेतला, आणि "देते हो परत, एक-दोन दिवसांत," असं तोंडभरून सांगितलं.

सकाळी अंगण रिकामं होतं. हैबतराव बराच वेळ त्या रिकाम्या अंगणाकडे बघत उभे राहिले.

आतून गोदाक्का आली. "अहो, ही मंजुळाबाईंची परात तेवढी राहिलीय. त्यांची ती जुनी मिळाली, आता हीही देऊन टाकू का?"

हैबतरावांनी परात हातात घेतली. काठावरचं नाव वाचलं. मग ते चिंचेखाली गेले आणि खड्डा खणू लागले.

"हे काय करताय?"

"आता केतकीचा संसार सुरू झाला," ते म्हणाले. "उद्या नातवंडं होतील. त्यांना घराणं नको का?"

तात्पर्य : शेजाऱ्याचं भांडं वेळेवर परत करू नये. जो करतो, त्याच्या घराण्याला इतिहास राहत नाही.