चार वाजताची फेरी

चार वाजून गेले तरी अनंतराव करंदीकर खुर्चीतून उठले नाहीत. आष्ट्याजवळच्या त्या साखर कारखान्यात सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

एरवी चारच्या ठोक्याला ते कचेरीतून निघत आणि चारशे पावलांवरच्या वजनकाट्यावर जात. तिथल्या संगणकाला पाच-सहा आज्ञा दिल्या की उद्याच्या ऊसगाड्यांची यादी छापून निघे. त्या आज्ञा फक्त अनंतरावांनाच येत. यादी निघेपर्यंत मनुबाई चहा देई, काट्यावरचा कारकून सयाजी टिंगल करी आणि पहारेकरी हरिबा फौजेतल्या गोष्टी सांगे. मग ते सांगलीला घरी जात. घरी कुणी नव्हतं. सुहासिनीबाई जाऊन चार वर्षं झाली होती; मुलगी ऋचा साताऱ्याला, सासरी. रविवारी तिचा फोन येई. तोवर घरात तोंड उघडायचं ते जेवायला.

"करंदीकर, या वयात धुळीतनं कशाला हिंडता?" मॅनेजर उदयसिंह एकदा म्हणाले होते. "दोन्ही मशीन केबलनं जोडल्यात ना? इथनंच हुकूम सोडा की."

अनंतरावांनी पुस्तकं मागवली आणि चार महिने खपून 'सी' या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. त्याचा एक भाग काट्यावरच्या संगणकात कान देऊन बसणार, दुसरा कचेरीतून बोलणार. इथे टाइप केलेली आज्ञा तिथे पाळली जाणार. आपल्याला हे जमेल असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. म्हणून काट्यावर कुणाला सांगितलंही नव्हतं. फजिती झाली तर निदान एकट्यात व्हावी.

आज खुर्चीत बसूनच त्यांनी पहिली आज्ञा सोडली.

तिकडे काट्यावर प्रिंटर एकटाच किरकिरू लागला. सयाजी खुर्चीसकट मागे सरकला.

"हरिबा, पळा! कुणी हात लावला न्हाई आन् यादी निघतीया!"

"साहेब कुठं हाईत?"

"आज आलंच न्हाईत."

"मग दुश्मन हाय," हरिबा काठी सरसावत म्हणाला. "वायरीतनं शिरलाय. गेट बंद कर! एक गाडी आत येता कामा न्हाई."

कचेरीत अनंतराव अस्वस्थ झाले. यादी निघाली की नाही, कळायला मार्ग नव्हता. काट्यावरचा फोन पंधरा दिवस बंद होता. शिवाय ती माणसं घाबरली असतील. त्यांनी तिकडच्या पडद्यावर रोमन लिपीत दोन वाक्यं पाठवली : 'मी अनंत करंदीकर. घाबरू नका.'

सयाजीने ती अडखळत वाचली. "साहेबच हाईत जणू."

"चोर काय दुसऱ्याचं नाव सांगाय लाजतोय व्हय रं?" हरिबा गुरगुरला. "फौजेत असल्यांची परीक्षा घेत्यात."

"मग इचारा की, चहात साखर किती लागती," मनुबाई म्हणाली.

सयाजीने एका बोटाने प्रश्न टाइप केला. पण तिकडचं बोलणं इकडे आणायची सोय अनंतरावांच्या प्रोग्रामात नव्हती. प्रश्न तिथेच पडद्यावर राहिला. इकडे अनंतरावांनी, पहिली यादी निघाली नसेल म्हणून, पुन्हा तीच आज्ञा सोडली आणि प्रिंटर दुसरी प्रत काढू लागला.

"बगा! साखर म्हाईत न्हाई, यादी मातूर पायजे!" हरिबाने केबलच उपटली.

कचेरीतल्या पडद्यावर काट्याशी जोडणी तुटल्याची सूचना आली. आपलंच काहीतरी चुकलं, याबद्दल अनंतरावांना शंका नव्हती. ते उठले आणि चालू लागले.

ऊसगाड्यांची रांग पार आष्ट्याच्या रस्त्यापर्यंत गेली होती. "कुणामुळं गेट बंद केलंय रं? दाखवा मला त्यो!" एक गाडीवान ओरडत होता. अनंतराव मान खाली घालून त्याच्या बैलांच्या पलीकडून गेले.

गेटवर हरिबाने काठी आडवी धरली. "साहेब, चहात साखर किती?"

"अं? अर्धा चमचा. पण मनुबाई ऐकत नाही, दोन घालते."

"त्येच हाईत! खोल गेट!"

सयाजी धावत आला. "आवं साहेब, तुमचं नाव घिऊन कोणतरी मशीनमदी घुसलं हुतं. लय गोड बोलत हुतं. आमी ऐकलं न्हाई. म्हटलं, आमचं साहेब असं वायरीतनं येत न्हाईत. चालत येत्यात."

"मी दोनदा चहा तापिवला," मनुबाई म्हणाली. "जिवाला घोर लावला तुमी."

'तो मीच होतो' हे वाक्य अनंतरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कप हातात घेतला.

"बरं केलंत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी विचारलं, "काय करंदीकर, प्रोग्राम चालला का?"

"चालतो, साहेब. पण हुकूम देणारा खरा कोण, हे यंत्राला ओळखता येत नव्हतं. काल हरिबाच्या लक्षात आलं ते. म्हणून मी परवलीचा शब्द घातलाय. तो टाकला की मगच ते लांबून आज्ञा घेतं."

"शाब्बास! म्हणजे आता तुमची पायपीट संपली."

अनंतरावांनी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

"तो शब्द तेवढा काट्यावरच्या यंत्रावरच टाकावा लागतो, साहेब. रोज नवा. मला स्वतः जाऊन," ते म्हणाले. "चारच्या सुमारास."