वाचला गेला आहे

मिनेसोटातल्या नॉर्विक फॉल्स गावच्या प्रौढ शिक्षण केंद्रात निबंध तपासण्याचं काम यंत्राकडे सोपवण्यात आलं. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडे अधिक लक्ष देता यावं, हा त्यामागचा उदात्त हेतू. त्यानुसार शिक्षक यंत्राच्या प्रशिक्षणाला जाऊ लागले आणि विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यायला आणखी एक यंत्र घ्यावं लागलं.

आर्डिस टॉलफ्सनबाईंना याची कल्पना नव्हती. त्यांचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला; पिठाच्या पोत्यावरचं नावही दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. निवृत्तीनंतर त्या अक्षरं शिकल्या आणि आयुष्यातला पहिला निबंध लिहिला: 'आमचा रुबार्बचा केक'. आंबट देठांचा तो केक त्यांची मावशी करायची. बाईंची इच्छा एवढीच, की आपण लिहिलेलं कुणीतरी वाचावं.

निबंध दिला आणि बाई खुर्चीतून उठायच्या आत शेरा आला: 'ओघवती शैली. आजोबांचं व्यक्तिचित्र हृदयस्पर्शी.'

बाईंनी शिक्षकाला गाठलं. "कर्टिस बाळा, माझ्या निबंधात आजोबा कुठून आले? तू वाचलास का?"

"वाचला गेला आहे, आर्डिस."

"कुणी वाचला?"

"तसं कुणी नाही. पण वाचला गेला आहे."

बाई घरी गेल्या, निबंधातली साखर खोडली आणि लिहिलं, 'दोन कप मीठ घाला.' आता तरी कुणी ओरडेल! शेरा आला: 'गोडवा जिभेवर रेंगाळतो.' गुणही वाढले.

मग त्या केंद्रप्रमुख मार्लिसकडे गेल्या. तक्रार लेखी हवी होती; बाईंनी लिहून दिली. ती यंत्राने तपासली, शुद्धलेखनाबद्दल बाईंचं अभिनंदन केलं आणि निबंधाला जोडून राज्याच्या निबंधस्पर्धेला पाठवून दिली. तिथलं यंत्र इथल्या यंत्राचं सख्खं भावंड. त्याने पहिलं बक्षीस दिलं.

"अगं मार्लिस, त्यात मीठ आहे!"

"उगाच विनय नको, आर्डिस."

बक्षीस समारंभाचं खाणं ठरवायलाही यंत्रच होतं. त्याने विजेत्या निबंधाबरहुकूम केक करायला सांगितला. स्वयंपाकघरातल्या बायका कुरकुरल्या, पण पाककृती पुरस्कारप्राप्त होती. त्यांचा नाइलाज झाला.

पहिला घास गेला आणि सगळ्यांचे काटे हवेतच थांबले. मिनेसोटाचा माणूस पानातल्या अन्नाला नावं ठेवत नाही. अगदीच गिळवेना, तर 'वेगळंच आहे' म्हणतो.

"वेगळंच आहे हो," महापौर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"फारच वेगळं," शिक्षण संचालकबाई म्हणाल्या आणि फुलदाणीतलं पाणी प्यायल्या.

"आणखी घ्या ना!" मार्लिसने आग्रह केला. संचालकबाई नको म्हणाल्या, पुन्हा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा नको म्हणणं तिकडे उद्धटपणाचं, म्हणून त्यांनी घेतला.

आर्डिसबाई माईकसमोर गेल्या. "अरे, मीठ मी मुद्दाम लिहिलं होतं! तुमच्यापैकी एकाने जरी निबंध वाचला असता, तर आज कुणाची जीभ अशी सोलली नसती!"

सगळ्यांनी आपापल्या फोनकडे पाहिलं. भाषणाचा सारांश आला होता: 'वक्त्या कृतज्ञ आहेत. उभे राहून टाळ्या वाजवा.' सभागृह उठून उभं राहिलं. महापौरांना शिट्टीही वाजवायची होती, पण ओठ जुळेनात.

कर्टिस पाण्याचा जग घेऊन धावत आला. अर्धा त्याने वाटेतच रिकामा केला होता.

"आर्डिस, शपथ घेतो. आज घरी जाऊन तुमचा निबंध वाचतो. स्वतःच्या डोळ्यांनी."

बाईंचा चेहरा उजळला. "खरंच, बाळा? फार नाही रे, दोनच पानं आहेत."

"दोन?" कर्टिसने जग खाली ठेवला. "पाठपोट?"

ज्या वाचकांनी मधलं सगळं ओलांडून थेट इथे उडी मारली, त्यांच्या सोयीसाठी सारांश: केक फार गोड झाला होता.